मोतीबिंदूनंतरचे सहा आठवडे
(वागळे इस्टेट येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्या व्यासपीठावरून राज्यकारभार, धर्म, वाङ्मय अशा थोर विषयांची चर्चा झाली. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते मात्र एका बोटभर बाटलीविषयी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाच्या हाती जी थेंबांची बाटली देतात, तिच्याविषयी आणि तिच्यामागे दडलेल्या डोळ्यातील दाबाविषयी. विषय लहान दिसतो. पण माणसाची दृष्टी जाते तेव्हा ती पुष्कळदा अशा लहान गोष्टींतूनच जाते. म्हणून थोर विषयांच्या पंक्तीत त्याला एक पाट मांडून द्यावा, एवढीच विनंती.

हा विषय वागळे इस्टेटीतच का? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींत या वसाहतीची गणना होते. त्या काळात विशी-पंचविशीची जी मुले घाटावरून, कोकणातून येथे आली आणि लेथवर, प्रेसवर, ग्राइंडरवर उभी राहिली, ती आज आजोबा झाली आहेत. कित्येक कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आल्या. माणसे मात्र किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर येथेच राहिली. ज्या वयात मोतीबिंदू उतरतो त्या वयात ही अख्खी पिढी आज आहे. तेव्हा या सभागृहात असे घर विरळाच, की ज्या घरात एखाद्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले नाही किंवा व्हावयाचे नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक होय, हे प्रथमच सांगून टाकतो. आमचे बोलणे ऐकून कोणी ती पुढे ढकलील तर या व्याख्यानाने लाभापेक्षा हानीच अधिक केली असे होईल. भीती घालणे हा आमचा हेतू नाही. शस्त्रक्रिया संपली म्हणजे काम संपले, ही जी समजूत आहे ती दूर करावी, इतकाच हेतू आहे.

दाब म्हणजे काय?

बॉयलर ज्याने सांभाळला आहे त्याला दाब म्हणजे काय हे शिकवावयास नको. आत वाफ तयार होत राहते, बाहेर जाण्याची वाट मोकळी असते, आणि या दोहोंचा मेळ असेतोवर काटा जागच्या जागी राहतो. वाट तुंबली की काटा चढतो. डोळ्याचे यंत्र याच नियमाने चालते. फरक एवढाच, की येथे वाफेऐवजी पाणी आहे.

डोळ्यातील रंगीत पडद्यामागे एक स्नायुमय वलय असते. त्यातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत झिरपतो. मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभराचा हिशेब केला तरी चहाचा चमचासुद्धा भरणार नाही. हा द्रव बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतो, भिंगाला व पारदर्शक पटलाला पोषण देतो, आणि पटल व रंगीत पडदा जेथे मिळतात त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून निचरून रक्तात मिसळतो. पुढच्या कप्प्यातले हे पाणी दीड-दोन तासांत संपूर्ण बदलते. जाळी स्वच्छ असेल तर दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. हा दाब हवाच. तो नसता तर डोळा फुटबॉलमधली हवा गेल्यासारखा बसला असता. पण तो वाढला, तर त्याचा भार मागे दृष्टिमज्जेवर पडतो. दृष्टिमज्जा म्हणजे दहा-बारा लाख बारीक तंतूंची एक वायर. दाबाखाली यातले तंतू एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. या आजाराला आपण काचबिंदू म्हणतो.

येथे दोन गैरसमज दूर करू. पहिला असा, की डोळ्याचा दाब म्हणजे रक्तदाब. पुष्कळ गृहस्थ आम्हांस सांगतात, “डॉक्टर, माझे बीपी अगदी नॉर्मल आहे, गोळी चालू आहे.” ते उत्तमच, पण हा दाब निराळा, त्याचे मोजमाप निराळे आणि त्याचे औषधही निराळे. दुसरा गैरसमज असा, की मोतीबिंदू आणि काचबिंदू ही सख्खी भावंडे. मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणे. ते काढून नवे बसवता येते. काचबिंदू म्हणजे वायर जळणे. ती नवी बसवता येत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. एवढे एक वाक्य घरी नेले तरी आजचे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

थोडा इतिहास

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. त्या पद्धतीत गढूळ भिंग सुईसारख्या शस्त्राने बाजूला सारून डोळ्याच्या आत मागे लोटीत. ही रीत पुढे शेकडो वर्षे देशोदेशी चालली. रुग्णास तत्काळ दिसू लागे आणि वैद्याचा जयजयकार होई. परंतु आत पडलेल्या भिंगामुळे कित्येकांचा डोळा पुढे सुजे, दाब चढे आणि मिळालेली दृष्टी काही काळाने कायमची जाई. तोवर फिरता शस्त्रवैद्य दुसऱ्या गावी गेलेला असे. शस्त्रक्रियेनंतरच्या दाबाचा प्रश्न आजचा नव्हे, तो असा फार जुना आहे.

१७४७ साली फ्रान्समधील झाक दाव्हिएल याने भिंग आत न लोटता छेद घेऊन बाहेर काढले. १९४९ च्या २९ नोव्हेंबरला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली याने पहिल्याने कृत्रिम भिंग बसविले. त्याला ही कल्पना ज्यावरून सुचली ती गोष्ट कारखान्यातील माणसाला विशेष पटण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे पारदर्शक प्लॅस्टिक फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते; पण ते आत राहूनही डोळा लाल झाला नाही, सुजला नाही. हे प्लॅस्टिक डोळ्याला मानवते, तर त्याचेच भिंग का करू नये, असे रिडलीने मनाशी म्हटले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन याने ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेण्याची युक्ती काढली. ‘फेको’ म्हणतात ती हीच.

इकडे आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव शिबिरे घेतली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांच्या इतक्या शस्त्रक्रिया केल्या, की त्यांचे नाव खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांच्या तोंडी झाले; २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एके काळी ऑपरेशननंतर रुग्णाला डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणे निजवीत. आज सकाळी नेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी येतो. ही प्रगती अभिमानास्पद खरीच. पण तिच्यासोबत एक जबाबदारी रुग्णालयातून उठून तुमच्या ओसरीवर येऊन बसली आहे, आणि ती कोणती हे आता पाहू.

पहिली रात्र

भिंग काढताना डोळा चेपला जाऊ नये, नाजूक पटलाला धक्का लागू नये, म्हणून शस्त्रवैद्य आत एक दाट, चिकट, पारदर्शक पदार्थ भरतात. काम संपले की तो धुऊन काढतात. पण कितीही धुतले तरी त्याचा काही अंश भिंगामागे किंवा कोपऱ्यात राहू शकतो. हा चिकट अंश निचऱ्याच्या जाळीत जाऊन बसला, की मोरीच्या जाळीवर भाताची शिते बसल्यासारखे होते. पाणी तयार होत राहते, निचरा मंदावतो, काटा चढतो. शस्त्रक्रियेने आलेली सूज, सुटे झालेले रंगकण, क्वचित थोडे रक्त किंवा मागे राहिलेला भिंगाचा तुकडा यांचीही त्यात भर पडते.

हा दाब साधारणपणे शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांत सर्वांत वर जातो आणि बहुतेकांत चोवीस तासांच्या आत आपोआप उतरतो. मग हिशेब करून पाहा. ऑपरेशन सकाळी दहाला झाले; रुग्ण बाराला घरी आला; काटा चढण्याची वेळ तिसऱ्या प्रहरापासून रात्रीपर्यंतची. म्हणजे दाब जेव्हा सर्वांत जास्त असण्याचा संभव, तेव्हा डॉक्टर रुग्णालयात आणि रुग्ण किसननगरच्या खोलीत! त्या वेळी पहाऱ्यावर असते ती घरची सून, मुलगा किंवा शेजारीण.

आता या पहारेकऱ्याने काय ओळखावे? थोडे खुपणे, पाणी येणे, धूसर दिसणे हे पहिल्या दिवशी चालायचेच. पण डोळा ठणकू लागला, ठणका कपाळात, अर्ध्या डोक्यात गेला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, आणि त्यातच मळमळ व उलटी झाली, तर ते लक्षण दाबाचे समजावे. आपल्या घराघरांतून येथेच घात होतो. अर्धे डोके दुखून उलटी झाली, की आपण म्हणतो, “पित्त झाले. सकाळी उपाशी होते ना, मग होणारच.” मग लिंबूपाणी होते, कोकम होते, पित्ताची गोळी होते आणि रात्र निघून जाते. ज्याच्या दृष्टिमज्जेत बळ आहे तो ही रात्र बहुधा निभावून नेतो. पण ज्याला आधीच काचबिंदू आहे, ज्याच्या वायरीतले निम्मे तंतू पूर्वीच गेले आहेत, त्याच्या उरल्यासुरल्या तंतूंना ही एक रात्रसुद्धा भारी पडू शकते. म्हणून आमचे सांगणे असे, की ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बाजूचे डोके दुखून उलटी झाली, तर पित्ताचे नाव न काढता रुग्णालयाला फोन करावा. पित्त निघाले तर डॉक्टर हसतील, फार तर. डोळा गेला तर कोणी हसणार नाही.

रुग्णालयात गेल्यावर काय करतात? प्रथम दाब मोजतात. मग गरजेप्रमाणे थेंब, पाणी तयार होण्याचे प्रमाण घटविणाऱ्या गोळ्या, अगदीच चढला असेल तर शिरेतून औषध. कधी छेदाची कड हलकेच दाबून चार थेंब पाणी बाहेर सोडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलावा तसे. हे काम डॉक्टरचे. घरी कोणी डोळा दाबून पाणी काढू पाहील तर अनर्थ होईल. या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. त्याने घाबरू नये. मात्र मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. टिमोलॉल नावाच्या थेंबांनी दम्याच्या रुग्णाचा दमा उसळू शकतो आणि नाडी मंद होऊ शकते. तेव्हा दमा, हृदयाचे ठोके यांविषयी काहीएक लपवू नये. डोळ्याचा थेंब डोळ्यातच राहतो असे नाही. तो नाकावाटे रक्तात उतरतो.

दुसऱ्या दिवशीची तपासणी म्हणूनच चुकवू नये. “दिसतंय की चांगलं, मग कशाला जायचं?” हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य. दिसणे आणि दाब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भिंग नवे असल्यामुळे दिसणारच; आतला काटा कोठे आहे ते दिसण्यावरून कळत नाही.

सहा आठवडे

पहिल्या रात्रीचा दाब बोंब ठोकीत येतो. दुसरा येतो तो मांजराच्या पावलांनी. त्यामुळेच तो अधिक घातक.

शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून जे थेंब देतात त्यांत बहुधा स्टिरॉइड असते. ते हवेच, सूज राहिली तर त्यानेही दाब चढतो आणि डोळा बिघडतो. साधारण चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला मात्रा कमी करीत, हे थेंब घालावयाचे असतात. परंतु काही माणसांच्या डोळ्यांत स्टिरॉइडमुळे त्या निचऱ्याच्या जाळीची घडणच बदलते आणि पाणी तुंबू लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड बेकर व मन्सूर अरमाली यांनी याचा कसून अभ्यास केला. काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घातले असता साधारण तिसरा हिस्सा लोकांचा दाब थोडाबहुत चढतो आणि शेकडा पाच-सहा लोकांचा पुष्कळच चढतो, असे त्यांना आढळले. ज्याला आधीपासून काचबिंदू आहे, ज्याच्या आई-वडिलांस वा भावंडांस तो आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा मोठ्या नंबरचा जवळच्या दृष्टीचा चष्मा आहे, त्यांच्यात हा धोका अधिक असतो.

हा दाब बहुधा दोन आठवड्यांनंतर, केव्हा महिन्या-दीड महिन्याने चढतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, उलटी होत नाही. समोरचे स्वच्छ दिसते. दृष्टी जाते ती कडेकडेने. आणि कडेची गेलेली दृष्टी माणसाच्या ध्यानातच येत नाही, कारण दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. थेंब वेळीच थांबविले किंवा बदलले तर हा दाब बहुतेकांत काही आठवड्यांत खाली येतो. दुःखाची गोष्ट ही, की थांबवावयाचे कधी हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे एक चित्र डोळ्यांसमोर आणू. समजा, रोड नंबर १६ वरच्या एखाद्या कारखान्यात तीस वर्षे काम केलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. ऑपरेशन उत्तम झाले, महिनाभर थेंब घातले, दृष्टी लख्ख. बाटली संपली. एके दिवशी डोळा जरा लाल झाला, धूळ गेली असेल. त्यांनी रिकामी बाटली चेक नाक्याजवळच्या औषधाच्या दुकानात दाखविली आणि तशीच दुसरी आणली. दोन थेंबांत लाली गेली, थंड वाटले. मग सवयच लागली. डोळा चुरचुरला की थेंब. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांना खाज येत होती, त्यांनाही दिले. असे वर्ष गेले, दोन वर्षे गेली. मग एक दिवस रस्ता ओलांडताना डाव्या बाजूने येणारी रिक्षा त्यांना दिसली नाही. असे रुग्ण नेत्रवैद्यांना नवे नाहीत. त्यांना भिंग निर्दोष बसविलेले असते, शस्त्रक्रियेत काही उणे नसते. पण मागची वायर जळालेली असते. ज्या औषधाने डोळा वाचविला त्याच औषधाने, मुदत ओलांडल्यावर, तो घालविला. यात कोणी दुष्टावा केला नाही. बाटलीवर ‘कधी बंद करावे’ हे लिहिलेले नव्हते, इतकेच.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. थेंब सुरू करताना घरच्या कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहा: थेंबाचे नाव, दिवसातून किती वेळा, आणि बंद करण्याची तारीख. ती तारीख डॉक्टरांकडून विचारूनच घ्या. विचारण्यात संकोच नको. मधेच मनाने थेंब तोडू नका, सूज उलटते. आणि तारीख उलटल्यावर एक थेंबही अधिक घालू नका. उरलेली बाटली केराच्या टोपलीत टाका. ती शेजाऱ्याला देणे हे पुण्यकर्म नव्हे. बाटली फोडल्यापासून महिन्याने ती तशीही टाकावयाचीच असते.

थेंब घालण्याचीही एक रीत आहे. हात साबणाने धुवावे. मान मागे करून खालची पापणी ओढावी, म्हणजे खिसा तयार होतो. त्यात एकच थेंब. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे दाबून धरावे, म्हणजे औषध नाकात न उतरता डोळ्यात राहते. दोन निराळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटे जाऊ द्यावी. डोळ्याच्या खिशात एका थेंबापुरतीही जागा मोठ्या मिनतवारीने असते. दोन घातले तर दुसरा गालावरून ओघळतो आणि पैसेही त्याच्यासोबत जातात. हात थरथरत असतील तर नातवाला सांगा. शिफ्टचा भोंगा ऐकून ज्यांनी आयुष्यभर घड्याळ पाळले, त्यांना चार वेळा थेंबांची वेळ पाळणे काय अवघड?

पुढचे आयुष्य

ज्यांना आधीपासून काचबिंदू आहे, त्यांच्याकडून पुष्कळदा एक निराळीच गफलत होते. मोतीबिंदू निघाला, स्वच्छ दिसू लागले, आणि त्यांनी काचबिंदूचे जुने थेंबही बंद केले. “आता दिसतंय ना!” मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने दाब थोडा उतरतो हे खरे आहे, ज्यांच्या डोळ्याचा कोपरा मुळात अरुंद असतो त्यांना जाड झालेले भिंग निघाल्याने विशेषच फायदा होतो. पण थेंब बंद करावे की नाही हे दाब मोजून डॉक्टरने ठरवावयाचे, आरशात पाहून आपण नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता आणि आपल्याकडच्या निरनिराळ्या पाहण्यांत असे दिसले आहे, की त्यांतील बहुसंख्यांना त्याचा पत्ताच नसतो. मोतीबिंदूसाठी डॉक्टरकडे जाणे ही त्यांना कळण्याची एक उत्तम संधी असते.

उलट बाजूचीही चूक सांगितली पाहिजे. “मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या,” असे म्हणून वर्षानुवर्षे थांबणारे आहेत. पूर्वीच्या पद्धतीत त्या म्हणण्याला काही अर्थ होता, आता नाही. अतिपक्व भिंग फुगून पुढचा कोपरा बंद करते, किंवा त्यातला दुधासारखा द्रव गळून जाळी तुंबवितो, आणि डोळ्याचा दाब एकाएकी भडकतो. मग शस्त्रक्रिया सुजलेल्या, लाल, ठणकणाऱ्या डोळ्यावर करावी लागते. आंबा पिकू द्यावा, मोतीबिंदू नव्हे.

आता वसाहतीतील कामगारांसाठी दोन शब्द. छिन्नी-हातोड्याचे काम करताना उडालेला लोखंडाचा कण, पट्टा तुटून डोळ्यावर बसलेला फटका, नळीचा मार, या गोष्टी तरुणपणी होतात आणि विसरल्या जातात. रिडलीच्या वैमानिकांच्या डोळ्यांत प्लॅस्टिक गप्प बसले. लोखंड असे गप्प बसत नाही, ते आत गंजते आणि डोळ्याचा नाश करते. मुक्या मारानेही निचऱ्याच्या कोपऱ्याला आतून चीर जाते आणि त्या डोळ्याचा दाब कधी वीस-पंचवीस वर्षांनी चढतो. अशा डोळ्यात भिंगाचे दोरेही सैल झालेले असू शकतात. म्हणून मोतीबिंदूसाठी जाल तेव्हा, “साहेब, अमुक साली या डोळ्याला लागले होते,” हे आपण होऊन सांगा. शस्त्रवैद्य त्या तयारीने उतरेल. आणि जे आज ग्राइंडरवर उभे आहेत त्यांनी गॉगल खिशात न ठेवता डोळ्यांवर ठेवावा.

समाजाने काय करावे?

आमच्या विषयाची अखेरची बाजू सार्वजनिक आहे. गणेशोत्सव मंडळे, कामगार संघटना, ज्येष्ठ नागरिकांचे संघ, सेवाभावी संस्था शिबिरे भरवितात. फलकावर लिहितात, “इतक्या शस्त्रक्रिया मोफत.” त्या कार्याविषयी आम्हांस आदर आहे. पण फलकावर आणखी एक आकडा यावा अशी आमची इच्छा आहे: “यांपैकी इतक्यांचा दाब सहाव्या आठवड्यात मोजला.” शस्त्रक्रियेच्या दिवशी गाडी पाठवितात तशी सहाव्या आठवड्यात पाठवावी. दाब मोजण्यास मिनिटभर पुरते. काही ठिकाणी यंत्र डोळ्यावर हवेची एक फुंकर मारते. काही ठिकाणी थेंबाने डोळा बधिर करून निळ्या प्रकाशात मोजतात. दुखत नाही. ऑपरेशनच्या खर्चाच्या मानाने याचा खर्च नगण्य, आणि तो न केल्याने होणारे नुकसान भरून न येणारे.

रोजंदारीवरचा मुलगा वडिलांना घेऊन तपासणीस येतो तेव्हा त्याचा एक दिवसाचा पगार बुडतो, हे आम्ही जाणतो. म्हातारी माणसे म्हणूनच सांगत नाहीत. मुलाचा खाडा होऊ नये म्हणून ती डोळ्यातला ठणका गिळतात, “काही नाही रे, ठीक आहे” म्हणतात. आमच्या मते शस्त्रक्रियेनंतरच्या दाबाचे हे एक मोठे कारण समजावे, कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात ते सापडले नाही तरी. चाळीतल्या चार घरांनी मिळून एक माणूस पाळीपाळीने पाठविला तर चौघांचा खाडा वाचेल आणि चौघांचे डोळे तपासून होतील. सहकाराचा हा धडा या वसाहतीला नवा नाही.

मग सारांश असा. पहिल्या रात्री डोके दुखून उलटी झाली तर त्याला पित्त म्हणू नका. दुसऱ्या दिवशीची आणि सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नका. थेंब तारखेला सुरू करा आणि तारखेलाच बंद करा. काचबिंदूचे थेंब असतील तर ते विचारल्याशिवाय सोडू नका. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “दाब किती आहे?” जो आकडा सांगतील तो कागदावर लिहून ठेवा. पगाराचा आकडा आपण जन्मभर लिहून ठेवला, मग हा का नाही?

 आज येथून घरी गेल्यावर कपाटात, देव्हाऱ्याजवळ, फ्रिजच्या दारात एखादी जुनी थेंबांची बाटली पडली असेल, तर ती काढून तिच्यावरची तारीख वाचा. ते वाचून जे करावेसे वाटेल, तेच आजच्या व्याख्यानाचे फलित.